अध्यक्षांच्या आसनावर बसण्यापूर्वी

इंदूरच्या रामबाग परिसरातील एका लहानशा सभागृहात आम्ही दर वर्षी दिवाळीच्या सुटीत मराठी मुलामुलींची दोन दिवसांची अभिरूप विधानसभा भरवतो. भूमिका वाटण्याच्या दिवशी मुख्यमंत्रिपदासाठी सात-आठ हात वर येतात, विरोधी पक्षनेतेपदासाठी त्याहून जास्त येतात आणि अध्यक्षपदाचे नाव काढले की सगळे एकमेकांकडे पाहू लागतात, कारण अध्यक्षाला भाषण नसते असा सर्वांचा समज असतो. अखेर जो मुलगा किंवा जी मुलगी त्यातल्या त्यात शांत दिसते तिच्या गळ्यात ते पद पडते, आणि पहिल्या अर्ध्या तासातच तिला कळून चुकते की सभा तरणार की बुडणार हे तिच्याच हातात आहे. पुढील सूचना अशा, पद गळ्यात पडलेल्या मंडळींसाठी आहेत. अभिरूप सभेचे नियम खऱ्या सभागृहावरून बेतलेले असावेत असा माझा आग्रह असल्यामुळे राज्यघटना काय सांगते आणि भोपाळला काय घडते, हेही जागोजागी सांगितले आहे.

इंदूरकर मराठी माणसाला हे पद परके वाटण्याचे खरे तर काही कारण नाही. आपल्या शहरातून आठ वेळा लोकसभेवर गेलेल्या सुमित्राताई महाजन २०१४ ते २०१९ या काळात लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. ज्यांच्या नावाचे बस स्थानक आपण रोज पाहतो ते विनायक सीताराम सरवटे संविधान सभेचे सदस्य होते. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांचा जन्म १८८८ साली वडोद्याचा, म्हणजे तेही महाराष्ट्राबाहेरचे मराठी.

एक शब्द आधीच निकाली काढलेला बरा. मध्य प्रदेशात विधानपरिषद नाही, त्यामुळे येथे पीठासीन अधिकारी म्हणजे विधानसभेचे अध्यक्ष, त्यांच्या गैरहजेरीत उपाध्यक्ष आणि दोघेही नसतील तेव्हा अध्यक्षांनी आधी नेमून ठेवलेल्या तालिकेवरील सदस्य. या तालिकेवरील सदस्याला भोपाळला सभापती म्हणतात, तर महाराष्ट्रात सभापती म्हणजे विधानपरिषदेचे प्रमुख आणि विधानसभेतील अशा सदस्याला तालिका अध्यक्ष म्हणतात. पुण्या-मुंबईहून आलेला एखादा मामा किंवा आत्या प्रेक्षकांत बसून चूक काढणार हे ठरलेलेच असते, म्हणून आम्ही महाराष्ट्रातील शब्द वापरतो आणि वाद संपवतो.

निवड आणि गणपूर्ती

अध्यक्ष सदस्यांतूनच आणि सदस्यांनीच निवडायचा असतो. निवडणुकीनंतरच्या पहिल्या बैठकीत अध्यक्षपद रिकामे असते, तेव्हा राज्यपाल एखाद्या सदस्याची हंगामी अध्यक्ष म्हणून नेमणूक करतात. रिवाज असा की तो ज्येष्ठ सदस्य असतो. अभिरूप सभेत वयाने सर्वांत मोठ्या सदस्याला हे काम द्यावे, त्याने सर्वांना शपथ द्यावी आणि मग ‘अमुक यांची अध्यक्ष म्हणून निवड करण्यात यावी’ असा प्रस्ताव एकाने मांडून दुसऱ्याने त्यास अनुमोदन द्यावे. निवड जाहीर झाल्यावर सभागृह नेता आणि विरोधी पक्षनेता या दोघांनी मिळून अध्यक्षाला आसनापर्यंत न्यावे. हा देखावा वाटतो, पण तो गाळू नये. दोन्ही बाजूंनी आपल्याला येथे आणून बसवले ही जाणीव पुढे भांडणाच्या वेळी कामी येते. त्यानंतर आम्ही आणखी एक गोष्ट करतो : खिशाला लावलेली पक्षाची फीत अध्यक्षाने सर्वांसमोर काढून सचिवाकडे द्यायची. खऱ्या आयुष्यात असे क्वचितच होते. १९६७ साली लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर नीलम संजीव रेड्डी यांनी पक्षाच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला होता, आणि अध्यक्षाने पक्ष सोडला तर त्याच्यावर पक्षांतराचा ठपका येऊ नये अशी सोय पुढे घटनेच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदींत, करण्यात आली, परंतु त्या सोयीचा लाभ घेणारे अध्यक्ष बोटावर मोजण्याइतकेच.

उपाध्यक्षाचीही निवड त्याच दिवशी उरकून घ्यावी. घटना म्हणते की विधानसभेने शक्य तितक्या लवकर दोन सदस्यांची या दोन पदांवर निवड करावी. प्रत्यक्षात मार्च २०२० नंतर आपल्या राज्यात उपाध्यक्षाची खुर्ची वर्षानुवर्षे रिकामी राहिली, हे उदाहरण गिरवण्यासारखे नाही.

गणपूर्तीचे गणित सर्वांना तोंडपाठ असावे. एकूण सदस्यसंख्येचा एकदशांश किंवा दहा, यांपैकी जो आकडा मोठा असेल तितके सदस्य हजर असल्याशिवाय सभागृह चालत नाही. मध्य प्रदेशच्या २३० सदस्यांच्या विधानसभेसाठी हा आकडा २३ आहे, महाराष्ट्राच्या २८८ साठी तो २९ होतो, आणि आमच्या चाळीस जणांच्या सभेत एकदशांश चारच भरत असले तरी गणपूर्ती दहाची. ती नसेल तर बैठक तहकूब करणे किंवा गणपूर्ती होईपर्यंत स्थगित ठेवणे हे अध्यक्षाचे कर्तव्य आहे, मर्जीचा भाग नाही.

टेबलावर काय असावे

घंटा, घड्याळ, दिवसाची कामकाज पत्रिका आणि एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर आसनव्यवस्था काढलेली असावी, म्हणजे अध्यक्षाच्या उजव्या हाताला सत्ताधारी, डाव्या हाताला विरोधक आणि प्रत्येक चौकोनात सदस्याचे नाव. ज्या अध्यक्षाला नावे येत नाहीत तो ‘अहो, तुम्ही, निळा सदरा’ असे म्हणतो आणि त्या क्षणी त्याचा वचक संपतो. समोर खालच्या टेबलावर सचिव बसतो. अध्यक्षाने वेळोवेळी त्याच्याकडे चिठ्ठी पाठवून नियम विचारावा आणि त्यात कमीपणा मानू नये, कारण भोपाळलाही प्रमुख सचिव त्याच कामासाठी तेथे बसलेले असतात. विधिमंडळाचे सचिवालय सरकारच्या इतर खात्यांपासून वेगळे असावे अशी घटनेतच तरतूद आहे. सचिवाची भूमिका करणाऱ्याने कोणत्याही पक्षाच्या मुलांबरोबर डबा खाऊ नये, असे मी हसत हसत सांगतो, पण ते पाळायला लावतो.

प्रश्नोत्तराच्या तासात अध्यक्षाचे काम मुख्यतः चाळणीचे आहे. प्रश्न राज्य सरकारच्या अखत्यारीतला असावा, न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणाचा नसावा आणि त्यात आरोप किंवा तर्क भरलेले नसावेत. मूळ प्रश्नकर्त्याला दोन पुरवणी प्रश्न आणि इतरांना मिळून दोन, एवढ्यात भागवावे. पुरवणी प्रश्नाच्या नावाखाली भाषण सुरू झाले की ‘सन्माननीय सदस्यांनी प्रश्न विचारावा’ हे एकच वाक्य, तेही त्याच सुरात, दर वेळी वापरावे. मंत्र्याने गोलमोल उत्तर दिले तर विरोधक अध्यक्षाकडे दाद मागतील. तेव्हा उत्तर अधिक स्पष्ट करावे असे मंत्र्यास सुचवता येते, परंतु उत्तरात काय असावे हे अध्यक्ष ठरवत नाही. नवख्या अध्यक्षांचा पाय घसरतो तो येथेच, कारण मंत्र्याला उघडे पाडण्याचा मोह त्यांनाही होतो.

चर्चेची वेळ पक्षांच्या संख्याबळानुसार वाटावी आणि ती वाटणी सुरुवातीलाच वाचून दाखवावी. एक मिनिट उरले की एकदा घंटा, वेळ संपली की दोनदा.

भाषेबद्दल थोडे सांगितले पाहिजे. विधानसभेचे कामकाज राज्याच्या राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत चालते, परंतु ज्या सदस्याला यांपैकी कोणत्याही भाषेत आपले म्हणणे नीट मांडता येत नसेल त्याला मातृभाषेत बोलण्याची परवानगी अध्यक्ष देऊ शकतात, असे घटनेच्या अनुच्छेद २१० मध्ये म्हटले आहे. आमच्या सभेची भाषा मराठी. तरीही ‘अध्यक्ष महोदय, मंत्रीजींनी जो जवाब दिला तो समाधानकारक नाही’ अशी वाक्ये येणारच. ती अडवू नयेत. माळव्यातली मराठी चार पिढ्या अशीच बोलली गेली आहे, आणि व्याकरण दुरुस्त करत बसणारा अध्यक्ष मुद्दा हरवतो.

हरकतीचा मुद्दा

अध्यक्षाची खरी परीक्षा येथे होते. सदस्य हात वर करून ‘हरकतीचा मुद्दा!’ असे म्हणतो तेव्हा चालू भाषण थांबते आणि अध्यक्षाला तेथल्या तेथे निर्णय द्यावा लागतो. हरकतीचा मुद्दा म्हणजे सभागृहासमोर त्या क्षणी चालू असलेल्या कामकाजात नियमांचा किंवा घटनेचा भंग होत आहे अशी हरकत; तक्रार, खुलासा, माहितीची मागणी किंवा राग म्हणजे हरकतीचा मुद्दा नव्हे. म्हणून अध्यक्षाने सर्वप्रथम ‘कोणत्या नियमाचा भंग होत आहे?’ असे विचारावे. त्यानंतर तो नियम आत्ताच्या कामकाजाला लागू होतो का आणि त्यावर निर्णय देणे आपल्या अधिकारात आहे का, हे मनाशी तपासावे. विधेयक घटनाबाह्य आहे की नाही हा निवाडा, उदाहरणार्थ, अध्यक्ष सहसा करत नाहीत. तो सभागृहाच्या मतावर आणि पुढे न्यायालयावर सोडला जातो.

एका वर्षी नववीतली एक मुलगी अध्यक्ष होती. अर्थसंकल्पातील मागण्यांवर, म्हणजे सरकारने निरनिराळ्या कामांसाठी मागितलेल्या रकमांवर, चर्चा चालू असताना मागच्या बाकावरचा एक सदस्य उठला आणि हरकतीचा मुद्दा असल्याचे सांगू लागला. तिने नियम विचारला. तो म्हणाला, ‘‘नियम माहीत नाही, पण अन्याय होतोय.’’ सभागृह खदखदा हसले. ती हसली नाही. ‘‘अन्यायाबद्दल स्वतंत्र सूचना द्यावी, सन्माननीय सदस्यांनी खाली बसावे,’’ एवढे म्हणून तिने चालू वक्त्याला पुढे बोलण्यास सांगितले. आतापर्यंत सारे सोपे होते. दहा मिनिटांनी विरोधी बाजूच्या एका मुलीने ग्रंथालयांसाठी मागितलेली दहा लाखांची रक्कम वीस लाख करावी अशी सूचना मांडली आणि सत्ताधारी बाजूच्या एका चष्मेवाल्या मुलाने शांतपणे उठून हरकत घेतली की विधानसभेला मागणी मंजूर करता येते, नाकारता येते किंवा कमी करता येते, वाढवता मात्र येत नाही. सारे अध्यक्षाकडे पाहू लागले. ग्रंथालयांना पैसे मिळावेत असे सर्वांनाच वाटत होते, बहुधा तिलाही. मी मागे उभा होतो आणि मला वाटले की मुलांचा उत्साह जाऊ नये, म्हणून मी तिला खुणेने ‘घेऊ दे’ असे सुचवले. तिने माझ्याकडे पाहिले, मान वळवली, ‘‘या मुद्द्यावरील निर्णय मी राखून ठेवत आहे, सभागृहाची बैठक दहा मिनिटांसाठी स्थगित करण्यात येत आहे,’’ असे जाहीर केले आणि सचिवाजवळची घटनेची प्रत मागवली.

दहा मिनिटांनी ती परत आली आणि अनुच्छेद २०३ वाचून तिने निर्णय दिला : मागणीला संमती देणे, नकार देणे किंवा तिची रक्कम घटवणे एवढाच अधिकार विधानसभेला आहे, राज्यपालांच्या शिफारशीशिवाय अनुदानाची मागणीच करता येत नाही, म्हणून ही सूचना नियमबाह्य ठरते; मात्र ग्रंथालयांकडे दुर्लक्ष झाले या भावनेपोटी मूळ मागणीत एक रुपयाची प्रतीकात्मक कपात सुचवून सदस्यांना त्यावर बोलता येईल. मुलगा बरोबर होता, मी चुकलो होतो, आणि विरोधी सदस्यालाही बोलण्याची वाट मिळाली. निर्णय राखून ठेवण्याचा हा अधिकार नवख्या अध्यक्षांनी निःसंकोच वापरावा. घाईने दिलेला चुकीचा निर्णय पुढच्या अध्यक्षांपुढे नजीर म्हणून येतो, उशिरा दिलेला बरोबर निर्णयही येतो. निर्णय दोन-तीन वाक्यांत, कारणासह द्यावा. एकदा दिल्यावर त्यावर चर्चा होऊ देऊ नये.

शब्द आणि गोंधळ

असंसदीय शब्द उच्चारला गेला की तो कामकाजातून काढून टाकण्याचा आदेश त्याच क्षणी द्यावा, कारण तासाभराने तो शब्द कोणी उच्चारला यावरच वाद होतो. मध्य प्रदेश विधानसभेने ऑगस्ट २०२१ मध्ये अशा १,१६१ शब्दांचा आणि वाक्प्रयोगांचा संग्रह प्रसिद्ध केला होता. आदेश देताना मूळ शब्द स्वतः उच्चारायचा नाही, ही खबरदारी घ्यावी. ‘सदस्यांनी वापरलेला शेवटचा शब्द कामकाजातून काढून टाकण्यात यावा’ असे म्हणावे. नाहीतर अध्यक्षाच्या तोंडून तोच शब्द दुसऱ्यांदा नोंदला जातो. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या कर्तव्य बजावतानाच्या वर्तनावर राज्याच्या विधिमंडळात चर्चा करता येत नाही, तेव्हा असे भाषण सुरू होताच थांबवावे.

गोंधळ सुरू झाला तर लगेच घंटा बडवू नये. आधी नावाने हाक मारावी, मग उभे राहावे. अध्यक्ष उभे राहिले की सर्व सदस्यांनी बसायचे असते, हा संकेत मुलांना आदल्या दिवशीच समजावून सांगितलेला असावा. पण तो दिवसातून दोन-तीनदाच चालतो, दर पाच मिनिटांनी उभ्या राहणाऱ्या अध्यक्षाकडे कोणी पाहत नाही. हौद्यात, म्हणजे आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, कोणी उतरले तर प्रथम जागेवर जाण्यास सांगावे, मग दिवसापुरते बाहेर जाण्यास सांगावे. त्यापुढची पायरी निलंबनाची. सुमित्राताईंनी ऑगस्ट २०१५ मध्ये लोकसभेत काँग्रेसच्या २५ सदस्यांना पाच दिवसांसाठी निलंबित केले होते; त्या निर्णयावर त्या वेळी दोन्ही बाजूंनी खूप लिहिले-बोलले गेले. निलंबनाने सभागृह शांत होते, पण ते अर्धे रिकामेही होते आणि उरलेल्यांनी केलेल्या कायद्याकडे बाहेरचे लोक संशयाने पाहतात, असे मला वाटते. अभिरूप सभेत मी हा उपाय वापरू देत नाही. दहा मिनिटांची तहकुबी, गटनेत्यांना आपल्या खोलीत बोलावणे आणि प्रत्येकी एक ग्लास पाणी, यांनी बहुतेक भांडणे मिटतात.

मत घेणे

चर्चा संपली की अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतो. हे करताना ठरलेले शब्द ठरलेल्या क्रमाने उच्चारावेत, कारण पुढे वाद झाला तर इतिवृत्तात हेच शब्द पाहिले जातात. ‘प्रश्न असा आहे की, हा प्रस्ताव संमत करण्यात यावा. जे अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.’ थांबा. ‘जे प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे.’ पुन्हा थांबा. ‘माझ्या मते होयचे बहुमत आहे.’ येथे मनातल्या मनात तीन आकडे मोजावेत, कारण याच फटीत एखाद्या सदस्याला मतविभागणीची मागणी करायची असते, आणि ती फट न ठेवता ‘प्रस्ताव संमत झाला आहे’ असे घाईने म्हणून टाकणे हा अध्यक्षाच्या हातून होणारा सर्वांत सफाईदार अन्याय आहे. मागणी आली तर दरवाजे बंद करून सदस्यांना उभे करून मोजावे, आकडे वाचून दाखवावेत आणि मगच निकाल जाहीर करावा. विधेयक असेल तर ते पुरःस्थापित करणे, विचारात घेणे, खंड एकामागून एक मताला टाकणे आणि शेवटी संमत करणे, या प्रत्येक टप्प्यावर हीच शब्दावली पुन्हा येते; कंटाळा आला तरी ती आखडू नये.

अध्यक्ष सुरुवातीला मत देत नाही. समसमान मते पडली तरच त्याचे निर्णायक मत, आणि घटनेच्या अनुच्छेद १८९ मधील शब्द पाहिले तर ते मत त्याला असते आणि त्याने ते द्यायचेही असते. तटस्थ राहून सुटका नाही. मग कोणत्या बाजूने द्यावे? एकोणिसाव्या शतकात ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाचे अध्यक्ष डेनिसन यांनी घालून दिलेली रीत आजही सर्वत्र सांगितली जाते : पुढे आणखी विचार होण्याची शक्यता शिल्लक राहील अशा बाजूने मत द्यावे, आणि तशी शक्यता नसेल तर केवळ एका माणसाच्या मताने नवा बदल घडू देऊ नये. मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष असताना विठ्ठलभाई पटेल यांच्यावर १९२८ साली ही वेळ आली होती. सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर दोन्ही बाजूंना ६१ मते पडली आणि त्यांनी आपले मत विधेयकाविरुद्ध टाकून ते थांबवले. याउलट १९८२ च्या सुरुवातीला केरळमध्ये करुणाकरन यांचे सरकार अध्यक्ष ए. सी. जोस यांच्या निर्णायक मतांच्या आधारावर काही काळ तग धरून होते. ते सरकार मार्च महिन्यात पडले. आमच्या सभेत १९–१९ असा निकाल मुद्दाम घडवून आणण्यासाठी मी एका सदस्याला गुपचूप बाहेर पाठवतो. अध्यक्षाच्या चेहऱ्यावरचा रंग त्या वेळी पाहण्यासारखा असतो.

राजीनामे, पक्षांतर आणि स्वतःविरुद्धचा ठराव

मोठ्या मुलांच्या गटासाठी आम्ही दुसऱ्या दिवशी हा सराव ठेवतो. सदस्याने राजीनामा दिला म्हणजे जागा रिकामी झाली असे होत नाही. तो स्वेच्छेने आणि खरेपणाने दिला आहे याची खात्री अध्यक्षाने करून घ्यायची असते, अशी सुधारणा १९७४ साली घटनेत झाली. या एका वाक्यात किती राजकारण मावते ते आपण मार्च २०२० मध्ये आपल्याच राज्यात पाहिले. काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले, त्यांतील सहा मंत्र्यांचे आधी स्वीकारले गेले, उरलेल्या सोळांचे काय याभोवती सरकारचे भवितव्य फिरत राहिले आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने २० मार्चला बहुमत चाचणी घेण्यास सांगितले. अध्यक्ष नर्मदाप्रसाद प्रजापती यांनी आदल्या रात्री ते सोळा राजीनामे स्वीकारले, आणि चाचणीपूर्वीच कमलनाथ यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. सरावात अध्यक्षाने राजीनामा देणाऱ्या सदस्याला एकट्याला समोर बोलवावे, कोणाच्या दबावाखाली दिला का असे विचारावे आणि उत्तर नोंदवून घ्यावे.

पक्षांतराच्या तक्रारीत अध्यक्ष न्यायाधिकरणासारखा वागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली किहोतो होलोहान खटल्यात म्हटले आणि त्याच्या निर्णयाची न्यायालयीन छाननी होऊ शकते हेही स्पष्ट केले. तेव्हा नोटीस, लेखी उत्तर, दोन्ही बाजूंचे म्हणणे आणि कारणांसह लेखी आदेश, एवढे तरी झालेच पाहिजे. तक्रार दाबून बसणे हा या अधिकारातला सर्वांत मोठा दोष ठरला आहे. २०२० मधील मणिपूरच्या प्रकरणात न्यायालयाने साधारणपणे तीन महिन्यांत निर्णय व्हावा असे सांगितले. अभिरूप सभेत आम्ही तीन महिन्यांच्या जागी तीन तास धरतो.

अध्यक्षाला हटवण्याच्या ठरावासाठी किमान चौदा दिवसांची पूर्वसूचना लागते आणि हजर असलेल्यांच्या नव्हे तर त्या वेळच्या एकूण सदस्यांच्या बहुमताने तो संमत व्हावा लागतो, म्हणजे चाळीसांच्या सभेत एकवीस मते. ठराव विचाराधीन असताना अध्यक्षाने आसनावर बसायचे नाही, पण सदस्य म्हणून बोलायचे आणि पहिल्या फेरीत मत द्यायचे, कारण तेव्हा निर्णायक मत त्याच्याकडे नसते. डिसेंबर १९५४ मध्ये मावळणकरांविरुद्ध असा ठराव लोकसभेत आला होता आणि फेटाळला गेला. आपल्यावरील टीका आसनावरून नव्हे तर बाकावर बसून ऐकावी लागणे, हा अनुभव प्रत्येक अध्यक्षाला एकदा तरी मिळावा म्हणून मी हा सराव वगळत नाही.

बैठक संपवताना

रोजची तहकुबी अध्यक्षाच्या हातात असते. सत्रसमाप्ती आणि विसर्जन राज्यपालांच्या. तहकुबीची घोषणा पूर्ण वाक्यात, पुढील बैठकीचा दिवस आणि वेळ सांगून करावी, आणि ती केल्याशिवाय आसन सोडू नये. एका वर्षी आमचे अध्यक्ष खाली पोहे आणि जिलबी आल्याचे ऐकून नुसतेच उठले आणि निघून गेले. त्यांच्यामागे उपाध्यक्ष गेले, तालिकेवरचे दोघेही गेले. विरोधी पक्षातल्या एका हुशार मुलाने घटनेची प्रत उघडली आणि अनुच्छेद १८० दाखवला : अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि नियमांनुसार ठरलेली व्यक्ती यांपैकी कोणीच हजर नसेल तर विधानसभा ठरवील ती व्यक्ती अध्यक्ष म्हणून काम पाहते. त्याने उरलेल्यांकडून आपल्याच एका मैत्रिणीची निवड करून घेतली, तिला आसनावर बसवले आणि सरकारवरचा अविश्वास प्रस्ताव आवाजी मतदानाने संमतही करून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मूळ अध्यक्षांपुढे हा प्रश्न आला तेव्हा सत्ताधारी बाजू ओरडत होती की हा सगळा पोरखेळ आहे, आणि विरोधक घटनेची प्रत फडकावत होते. अध्यक्षांनी कोणालाच उत्तर दिले नाही. सचिवाकडून हजेरीपट मागवला, बोट ठेवून नावे मोजली आणि निर्णय वाचला : आसनावर बसवलेल्या सदस्येची निवड घटनेला धरून असू शकते, परंतु प्रस्ताव संमत झाला त्या वेळी सभागृहात नऊ सदस्य हजर होते.